स्वस्ताईचं पीक

परसातला टोमॅटो कधी पिकतो? पुस्तिकांत लिहिलेलं असतं, रोप लावल्यापासून साठ ते पंचाहत्तर दिवसांनी. ते खोटं नाही, अपुरं आहे. परसातला टोमॅटो पिकतो तो बाजारात टोमॅटोला कुणी विचारेनासं झालं की. भेंडीचं तेच, दुधीचं तेच, कोथिंबिरीचं तर विचारूच नका. मंडईत जुडी पाच रुपयांना मिळायला लागली की घरामागच्या वाफ्यात कोथिंबीर माजते, आणि तीच जुडी पन्नासला गेली की वाफ्यात उरतात पिवळ्या काड्या आणि त्यांच्या शेंड्यावर पांढरी फुलं. काही जण याला नशीब म्हणतात, काही जण बियाणंवाल्याच्या नावानं बोटं मोडतात. माझं म्हणणं असं, की यात नशिबाचाही हात नाही आणि बियाणंवाल्याचाही फारसा नाही. बाजारात माल पाठवणारं शेत आणि धुण्याच्या दोरीखालचा वाफा, दोघांवर आभाळ एकच असतं. जो पाऊस शेतकऱ्याचा टोमॅटो सडवतो तो आपलं परस वगळून पडत नाही. त्यामुळे महागाईवर उतारा म्हणून घरामागे भाजी लावणं म्हणजे फक्त उन्हातच उघडणारी छत्री विकत घेण्यासारखं आहे. छत्री झकास असते, दांडाही मजबूत असतो, फक्त हवी तेव्हा उघडत नाही.

हे पारखून बघायला म्हैसूर जिल्ह्यातल्या कृष्णराजनगरासारखं गाव मिळायचं नाही. म्हैसूरपासून चाळीसेक किलोमीटरवर, कावेरीच्या काठी. जुनं गाव येडतोरे, अगदी नदीला खेटून. नदीच्या पुराचा धाक होता, म्हणून चौथ्या कृष्णराज वडियारांच्या कारकिर्दीत जरा लांब सरकून नवं गाव आखून वसवलं आणि त्याला महाराजांचंच नाव दिलं. रस्ते रुंद, आणि जुन्या घरांना मागे परस. तालुक्याची ख्याती भाताचं कोठार म्हणून. कावेरीवरचे बंधारे, त्यांतून निघालेले कालवे, कालव्यांखाली हिरवीगार खाचरं. पाहणाऱ्याला वाटावं, पाण्याची ददात असेल तर ती जगात इतरत्र. खरी गंमत जुलैत असते. कावेरी दुथडी भरून वाहते, चुंचनकट्ट्याचा धबधबा बघायला गाड्या भरभरून माणसं येतात, आणि खालच्या कृष्णराजसागर धरणाची पातळी १२४.८० फुटांकडे किती सरकली याचा आकडा रोज पेपरात छापून येतो आणि चहाच्या दुकानात दशांशासकट म्हणून दाखवला जातो. पण हे सगळं पाणी कोडगूचं. ते भागमंडल-मडिकेरीच्या डोंगरांत पडलेलं असतं, जिथं वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो. कृष्णराजनगर मात्र सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. म्हैसूरची वर्षाची सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास, आणि इथलं मान त्याहून फार निराळं नाही. म्हणजे नदीला पूर असतो आणि परसातल्या मेथीला नळीनं पाणी घालावं लागतं. पूर बघून परतलेला माणूस चिखलाच्या चपला दाराशी काढतो आणि मागच्या दारी जाऊन रबरी नळी हातात घेतो, यात इथं कुणाला काही वावगं वाटत नाही.

या गावात मराठी माणूस भाजी लावायला बसला की गोंधळ दुप्पट होतो. म्हैसूर भागात मराठी बोलणारी घरं नवी नाहीत. भावसार क्षत्रियांची, मराठा कुटुंबांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि ती मंडळी पावसाच्या बाबतीत केव्हाच कानडी झाली आहेत. प्रश्न नव्यानं आलेल्यांचा, नोकरीपायी आलेल्यांचा किंवा निवृत्तीनंतर ‘हवा छान आहे’ म्हणून टेकलेल्यांचा. त्यांच्या डोक्यात वर्षाचे चार-चार महिन्यांचे तीन सरळ तुकडे असतात. सात-आठ जूनला मृग लागतो, की बी मातीत. त्याआधी पडला तो वळीव, त्याला पावसात धरायचं नाही. मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासवांचा, पूर्वांचा सुनांचा, असं सगळं कुटुंब क्रमानं येऊन जातं, शेवटी हस्ताचा हत्ती सोंड झटकून निघतो आणि पावसाळा संपतो. इथं पावसाचं वर्ष मोजतात ते एप्रिलच्या मध्यापासून, अश्विनीपासून. भरणीचा पाऊस साधला तर वर्ष साधलं, असा इथल्या शेतकऱ्याचा हिशेब. मे महिन्यात विजा कडाडून भरघोस पडतो, कधी गाराही पडतात. मग जून-जुलैत, मराठी मन मुसळधार पावसाला पाट मांडून बसलेलं असताना, आभाळ दिवसभर राखाडी, वारा शेवग्याच्या फांद्या मोडील असा, आणि पाऊस इतका बारीक की अंगण ओलं होतं पण खाली ठेवलेल्या बादलीचा तळ झाकत नाही. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, तिकडे पुण्यात लोक ऑक्टोबर हीटला नावं ठेवायला लागलेले असतात तेव्हा, इथं दुपार कलली की आभाळ फुटतं. म्हैसूरच्या पावसाचा आलेख काढला तर दोन उंचवटे दिसतात, एक मेमध्ये आणि एक सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि मधल्या खळग्यात नेमके आपले मृग, आर्द्रा, पुनर्वसू गुडघ्यात मान घालून बसलेले.

मृगावर श्रद्धेनं पेरलेल्या भेंडीचं मग काय होतं ते उघड आहे. मेचा मोठा पाऊस तिच्या जन्माआधी झालेला असतो. जुलैचा वारा तिला रोज हलवून बघतो, ढगाळ हवेत मावा पानांच्या पाठीमागे मुक्काम ठोकतो, आणि ती कशीबशी सावरून फुलावर येते तोवर गावातल्या प्रत्येक वाफ्यातली भेंडी फुलावर आलेली असते. कारण कानडी शेजाऱ्यानं जरी मेमध्ये योग्य वेळी पेरली असली तरी त्याची पहिली भेंडी गोगलगायींनी फस्त केलेली असते आणि त्यानं दुसऱ्यांदा पेरलेली असते. चुकीच्या आणि बरोबर पंचांगाची भेंडी शेवटी एकाच आठवड्यात तोडणीला येते, आणि त्याच आठवड्यात ती बाजारातही ढिगानं येते.

पंचांगाचा कैवार घेणारे इथं हरकत घेतात. नक्षत्रं काय गावागणिक निराळी असतात का? रवी मृगात शिरला की कोल्हापुरातही शिरतो आणि कृष्णराजनगरातही. शिवाय म्हैसूरचं स्वतःचं ओंटिकोप्पल पंचांग आहे, अख्ख्या कर्नाटकात चालतं, त्याची तरी लाज राखा. हरकत खगोलाच्या दृष्टीनं बिनतोड आहे. फक्त ढग सूर्याच्या मागोमाग फिरत नाहीत. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला, तेव्हा रवी नुकता कुठे रोहिणीत टेकला होता. मृगाला अजून पुरते दोन आठवडे होते, आणि मृगाचं त्या वर्षीचं वाहन कोणतं, बेडूक की कोल्हा, यावर घराघरांत काथ्याकूट चाललेला. उलट २०२३ साली पाऊस केरळात आला ८ जूनला, अगदी मृगाच्या मुहूर्तावर. ते वर्ष कर्नाटकात दुष्काळाचं निघालं, दोनशेहून जास्त तालुके दुष्काळग्रस्त जाहीर करावे लागले आणि कृष्णराजसागर काही भरलं नाही. मुहूर्त साधून आलेला पुढे कसा वागेल याची हमी मुहूर्त देत नाही, हे लग्नांच्या बाबतीत आपल्याला फार पूर्वीच कळलेलं आहे. तरी पंचांगाला एक श्रेय द्यायला हवं. तेरा-चौदा दिवसांचा एकेक कप्पा करून पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण त्यात घालून ठेवायची ही सोय उत्तम आहे. फक्त आठवण ज्या मातीची असेल त्याच मातीत ती चालते. कऱ्हाडच्या आठवणीवर कावेरीकाठी पेरणी करू नये.

आता २०२३ च्या टोमॅटोकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा सगळ्यात लालबुंद पुरावा तोच आहे. आधी उन्हाळ्यातल्या उष्म्यानं फूलगळ झाली, त्यावर विषाणूरोग, त्यावर अवेळी पाऊस. जुलैत किरकोळ बाजारात किलोचा भाव शंभरावर गेला, कित्येक शहरांत त्याच्याही बराच वर. दिल्लीत सरकारला स्वस्त टोमॅटोच्या गाड्या फिरवाव्या लागल्या. कृष्णराजनगरच्या शेजारच्याच हासन जिल्ह्यात, बेलूर तालुक्यात, शेतातून रातोरात लाखोंचे टोमॅटो चोरीला गेल्याची फिर्याद पोलिसांत दाखल झाली. ठाणे अंमलदाराच्या वहीत सोनसाखळी आणि मोटारसायकल यांच्या खाली टोमॅटोला मानाचं पान मिळालं. परसवाल्यांनी त्या महिन्यात मिशीवर ताव मारायला हवा होता. ते तसे दिसले नाहीत. कारण त्यांच्याही झाडांनी तोच एप्रिल सोसलेला होता, त्यांचीही फुलं गळून आळ्यात पडलेली होती, आणि पानं चुरगळून बोकड्या झालेला होता. तो रोग पसरवणारी पांढरी माशी शेतातून निघून कुंपण ओलांडताना मालकी हक्काचा उतारा बघत नाही.

इथवर आभाळाचा दोष. पुढचा दोष आपल्या वैतागाचा. जुलैत किलोला शंभराची नोट मोडून आलेला माणूस त्याच संध्याकाळी त्यातला एक पिकलेला टोमॅटो बाजूला काढतो, बी राखेत घोळवतो आणि वर्तमानपत्रावर वाळत घालतो. ‘आता बघाच’ असं तो घरच्यांना उद्देशून म्हणतो, पण रोख बाजाराकडे असतो. त्याच सुमाराला, त्याच वैतागात आणि त्याच आशेत, हजारो शेतकरीही टोमॅटोच लावत असतात. सप्टेंबर उजाडता उजाडता भाव कोसळले, आणि महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. परसातल्या झाडांना फळ धरलं ते त्याच्याही नंतर. भाव बघून पेरायचं आणि सगळ्यांनी एकदम पेरल्यामुळे भाव पाडायचा, या चक्राला अर्थशास्त्रात कोळ्याच्या जाळ्याचं नाव आहे. निकोलस काल्डॉर या पंडितानं ते १९३४ साली दिलं. शेतकरी त्या जाळ्यात सापडतो कारण त्याला पोट आहे आणि डोक्यावर कर्ज आहे. परसवाला मात्र हौसेनं, जाळ्याला पाण्याचा फवारा मारून, आत जाऊन बसतो.

पिकलं जास्त तर वाटून टाका, शेजारधर्म वाढतो, असा एक प्रेमळ आक्षेप यावर येतो. वाटणार कुणाला? शेजाऱ्याच्या डोक्यावरचं आभाळ तेच आहे. ऑगस्टात दोडका एकदा यायला लागला की तो गल्लीतल्या सगळ्या मांडवांवर एकदम यायला लागतो. मराठी घरातून पिशवी घेऊन कुणी समोरच्या दारात उभं राहिलं, ‘अक्का, थोडे दोडके आणलेत’ म्हणालं, की समोरून ‘अय्यो, नम्म मनेलू इदे’, म्हणजे आमच्याही घरी आहेत, असं हसत उत्तर येतं आणि त्या अक्का आत जाऊन आपल्या दोडक्यांची पिशवी आणून या पिशवीत रिकामी करतात. दोडके द्यायला गेलेला माणूस दुप्पट दोडके घेऊन परत येतो. एखादा दुधी तर चार घरं फिरून, देठाशी ओळखीची खूण घेऊन, मूळ मालकाकडे पोचतो आणि त्याला तो नाकारता येत नाही, कारण नाकारायचं म्हणजे हा आपलाच हे कबूल करावं लागतं. चोचोच्या वेलाबद्दल तर बोलायलाच नको. बेंगळुरूच्या लालबागचे अधीक्षक जॉन कॅमेरॉन यांनी एकोणिसाव्या शतकात ही भाजी या मुलखात रुजवली असं त्यांच्या नावावर जमा आहे. साहेब १९०८ मध्ये निवृत्त झाले, वेल अजून झालेला नाही. एका मांडवावर तो इतकी फळं धरतो की हंगामात लोक ओळखीच्या माणसाला रस्त्यात पिशवीसकट येताना पाहून पलीकडच्या बाजूनं जातात. वांग्याची तऱ्हा आणखी निराळी. म्हैसूर भागातलं ईरनगेरेचं हिरवं काटेरी वांगं चवीला असं, की त्याच्यापुढे ताटातल्या बाकी भाज्यांनी गप्प बसावं. पण मेअखेर रोप लावलं तर ते बहरात येतं नेमकं चातुर्मासात, आणि चातुर्मास पाळणाऱ्या मराठी घरात तेव्हा वांगं वर्ज्य. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला भरताची परवानगी मिळते तोवर झाडावर शेंडा पोखरणाऱ्या अळीचं राज्य आलेलं असतं, आणि भरताचं वांगं बाजारातून येतं. मधले चार महिने फुकटच्या वांग्यांवर शेजारपाजार पोसला जातो, आणि शेजारी मनोमन म्हणतात, फार धार्मिक माणसं आहेत, देव यांना असंच ठेवो.

बरं, पैशाचं सोडा, विषमुक्त भाजी मिळते ना? हा आक्षेप वजनदार आहे आणि मला तो अर्धा मान्य आहे. घरच्या झाडाची मिरची तोडून थेट फोडणीत पडते तेव्हा तिच्यावर काय फवारलं होतं हा प्रश्न पडत नाही, आणि हे सुख खरं आहे. पण फवारणी टळते म्हणजे काय होतं? मावा पडल्याच्या पहिल्या दिवशी निंबोळी तेल, दुसऱ्या दिवशी आंबट ताक, तिसऱ्या दिवशी लसूण-मिरचीचा काढा, चौथ्या दिवशी चुलीतली राख. गॅस आल्यापासून चुलीतली राख मिळत नाही, म्हणून ती विकतही आणतात. पाचव्या दिवशी मावा आहे तिथंच असतो, त्याच्या तोंडाला मात्र चव आलेली असते. शिवाय हे विषमुक्त खाणं झाड फळतं तेवढ्याच आठवड्यांचं. उरलेलं वर्षभर आपण बाजारचीच भाजी खातो आणि ती खाता खाता परसातल्या भाजीचे गुण गातो. तब्येतीवर परिणाम व्हायचाच असेल तर तो गुणगानाचाच होत असावा.

राहिले ते विज्ञाननिष्ठ. ते म्हणतात, आभाळ एकच असेल, पण मध्ये जाळी ताणता येते. शेडनेट लावा, ठिबक घाला, चांगलं वाण निवडा. वाणाबद्दल त्यांचं शंभर टक्के खरं आहे. बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला भारतीय बागवानी अनुसंधान संस्था आहे, तिथं तयार झालेला ‘अर्का रक्षक’ हा टोमॅटो पर्णगुच्छ, मर आणि करपा या तिन्ही रोगांना दाद देत नाही. राखेत घोळवलेल्या बाजारी बियापेक्षा तो कधीही परवडला. जाळीचं मात्र वेगळं. जुलैच्या वाऱ्यात ती एका रात्रीत दोन घरं पलीकडे जाते आणि तिथल्या नारळाला लटकून राहते. राहिलीच जागेवर, तर सप्टेंबरच्या पावसात तिच्याखालच्या थंडगार ओलाव्यात आफ्रिकन गोगलगायी सुखानं नांदतात. या गोगलगायीची हकिगत सांगण्यासारखी आहे. १८४७ साली बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासक साहेबानं मॉरिशसहून तिची एक जोडी कलकत्त्याला आणली आणि ती चौरंगीतल्या एका बागेत सुटली. त्या जोडीचा वंश देशभर पसरला आणि अजून रात्री दहानंतर टॉर्च घेऊन बाहेर पडणाऱ्या सभ्य गृहस्थांच्या प्लॅस्टिकच्या बादलीत जमा होतो आहे. जाळी, नळ्या, कोकोपीट, गांडूळखत, टॉर्चचे सेल, सगळं धरून टोमॅटोचा हिशेब मांडला तर एकेक टोमॅटो असा पडतो, की त्याची कोशिंबीर करायला हात धजत नाही. तो टोपलीत मधोमध ठेवून पाहुण्यांना दाखवावा लागतो, आणि पाहुणे म्हणतात, ‘वा! बाजारात दहा रुपये किलो आहेत सध्या.’

मग लावूच नये का? लावावं, पण बाजाराशी शर्यत लावू नये. बाजार एका बाबतीत पांगळा आहे. जे ट्रकमध्ये चार तास टिकत नाही ते तो विकू शकत नाही, आणि जे कुणी पेरतच नाही त्याचा भाव त्याला ठाऊक नसतो. शेवग्याची फुलं, भोपळ्याचे कोवळे शेंडे, मायाळूची जाड पानं, तोडल्याबरोबर मलूल होणारा चाकवत, दारामागचं सांडपाणी पिऊन फोफावणारं अळू, आणि ज्याच्यासाठी कोपऱ्यावर जायचा सगळ्यांना कंटाळा येतो तो कढीपत्ता. आपल्या जुन्या बायकांना हे अर्थशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, तरी ऋषिपंचमीची भाजी त्यांनी बरोबर बसवली. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, असं व्रत. भाद्रपदात बैलाविना काय मिळतं? परसातलं. अळू, माठ, पडवळ, दोडका, लाल भोपळा, सुरण, मक्याचं कणीस, मांडवावर आणि मांडवाखाली जे जे एकाच वेळी आलेलं आहे ते सगळं एका पातेल्यात, वर चिंचेचा कोळ. सगळं एकदम पिकतं ही तक्रार होती, तिलाच त्यांनी व्रत करून टाकलं. परत द्यायला आलेल्या दोडक्यालाही त्यात जागा आहे.

म्हैसूर भागात याच विचाराची दुसरी पाती आहे, बेरके सोप्पु. पावसानंतर बांधावर, वाफ्याच्या कडेला, पायवाटेवर आपोआप उगवलेल्या पालेभाज्यांची सरमिसळ. त्यात राजगिऱ्याची भावंडं, घोळ, काकमाचीची पानं, आणखी पाच-दहा रानटी नातलग असतात. त्यांना शिजवून घोटलं की नाचणीच्या मुद्देच्या गोळ्याबरोबर असं सारू होतं की पाहुणा दुसऱ्यांदा मुद्दे मागून घेतो. आता परसवाल्याची सकाळ आठवून बघा. खुरपं घेऊन तो टोमॅटोच्या आळ्यातलं तण काढत बसलेला असतो, आणि त्या तणात घोळ असते, तांदुळजा असतो, काकमाची असते. जे न मागता, न पेरता, नेमक्या पावसात, रोगराईविना आलं ते तो कुंपणापलीकडे भिरकावतो, आणि बोकड्या झालेल्या टोमॅटोला ताक पाजतो. भिरकावलेलं उचलून नेणारी बाई म्हैसूरच्या देवराज मार्केटबाहेर त्याच पाल्याच्या जुड्या बांधून विकते. कानडीत ‘हित्तल गिड मद्दल्ल’ अशी म्हण आहे, परसातल्या झाडाला औषध मानत नाहीत. आपणही पिकतं तिथं विकत नाही म्हणतो. परसवाला दोन्ही म्हणींच्या पलीकडे गेलेला आहे, त्याला जे पिकतं ते भाजी वाटत नाही आणि जे भाजी वाटतं ते पिकत नाही.

या सगळ्याला छेद देणारं एक झाड मात्र आहे आणि ते लपवून ठेवणं लबाडीचं होईल. अवरे. आपल्याकडचा पावटा म्हणा, वाल म्हणा, त्याच जातीचा. गावठी अवरे पाऊस बघत नाही, ऊन बघत नाही, बाजार तर नाहीच नाही. ती बघते दिवसाची लांबी. कृष्णराजनगर विषुववृत्ताच्या उत्तरेला बारा-साडेबारा अंशांवर, तिथं जूनचा मोठा दिवस आणि डिसेंबरचा छोटा दिवस यांत फरक जेमतेम दीड तासाचा. माणसाला तो जाणवतही नाही. अवरेच्या वेलाला जाणवतो. दिवस आखडायला लागल्याशिवाय ती फुलत नाही, मग पाऊस आला असो की न आला असो. त्यात डिसेंबर-जानेवारीचं दव पडलं की शेंगेच्या सालीवर एक तेलकट उग्र वास धरतो, त्याला इथं सोगडु म्हणतात आणि तो हाताला लागला की साबणानं जात नाही. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं हेब्बाळ अवरेची अशी वाणं काढली जी दिवस मोजत नाहीत आणि बारमाही शेंगा देतात. शास्त्रज्ञांचं कौतुक आहे, पण जुलैत अवरे खाणाऱ्याकडे म्हैसूरचे लोक दिवाळीचा फराळ आषाढात करणाऱ्याकडे बघावं तसं बघतात.

आणि माझ्या सिद्धांताची पंचाईत इथं होते. अवरे जानेवारीत परसात येते तेव्हा बाजारातही ढिगानं येते, स्वस्तही होते. बेंगळुरूत तिचा मेळा भरतो, तिथं तिची जिलबीसुद्धा करतात. नियमाप्रमाणे या दिवसांत परसवाल्यानं कपाळाला हात लावायला हवा, आणि अक्कांनी पिशवी दारातूनच परत फिरवायला हवी. तसं होत नाही. आपल्या वेलाच्या शेंगा संपल्या की तोच माणूस बाजारातून आणखी दोन किलो आणतो. दाणे रात्री पाण्यात भिजत पडतात, सकाळी चिमटीत धरून दाबले की साल हातात आणि दाणा भांड्यात. त्याचं सारू, त्याचा उपमा, त्याचं थालीपीठ, तळून त्याचाच चिवडा. शेजारून पिशवी आली तर ती ठेवून घेतात आणि वर विचारतात, आणखी आहेत का.